मिस्त्रींचं वजन

वेल्डिंग पक्कं झालंय की नाही हे मिस्त्री कधी नुसत्या डोळ्यांनी ठरवत नसत. ते त्याला लोंबकळत. गेटची चौकट असो, झोपाळ्याचा हूक असो, पाण्याच्या टाकीचा स्टँड असो. काम झालं, वरची खपली ठोकून काढली, लोखंड हात लावण्याइतकं निवलं, की मिस्त्री हातमोजे काढून खिशात कोंबत, दोन्ही हातांनी ती वस्तू धरत आणि पाय उचलत. गिऱ्हाईक समोर उभं असायलाच हवं हा नियम. "माझं पेललं ना? मग तुमच्या सात पिढ्यांचं पेलेल," असं म्हणून ते खाली उतरत आणि मगच समोरच्या टपरीवर चहा सांगत. लोंबकळण्याआधी चहा नाही. एका बंगलेवाल्याने एकदा आधीच चहा मागवला, तर तो निवून गेला पण मिस्त्रींनी कपाला हात लावला नाही.

ही परीक्षा त्यांना शोभायची, कारण माणूस होताच तसा. दुकानात शिरताना आधी पोट यायचं आणि मागाहून मिस्त्री. ते लोंबकळले की गेट कुरकुरायचं, स्टँड दबायचा, गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं. बायकोला मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. एकदा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा नवा कठडा बसवून झाल्यावर ते बाहेरच्या बाजूने लोंबकळले, आणि नेमकी ती भाजी घेऊन खालून चालली होती. तिने वर पाहिलं, पिशवी तिथंच ठेवली आणि रस्त्यात उभं राहून नवऱ्याला जे काही सुनावलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. तेव्हापासून त्या परीक्षेला घरात ‘माकडचाळे’ हेच नाव पडलं.

मागच्या थंडीत मिस्त्रींना छातीचं दुखणं झालं. साधा खोकला म्हणून अंगावर काढला आणि मग एका सकाळी श्वासच पुरेना. दवाखाना, नळ्या, सुया, सगळं झालं. माणूस परत आला हे खरं, पण निम्माच परत आला. शर्ट खांद्यावरून घसरायला लागला. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवी भोकं पाडली, मग आणखी पाडली, आणि उरलेलं टोक मागे खोचून टाकलं. दुकानाचं शटर खाली गेलं ते गेलंच. येणारा-जाणारा सांगायचा, "मिस्त्री, आता आराम करा." मिस्त्री मान डोलवायचे. आराम म्हणजे काय करायचं असतं, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

घरात तिघंच. मिस्त्री, त्यांची बायको आणि सून. मुलगा लांबच्या गावी नोकरीला, सुट्टीला येणारा. सून जनावरांची डॉक्टर. मिस्त्री तिला नावाने कधी हाक मारत नसत, ‘डॉक्टर’ म्हणत. सुरुवातीला थट्टेने म्हणाले, मग तेच तोंडात बसलं. ती चणीने लहान, पण बैल पाडायची. डोंगरावरच्या कुरणांत मेंढपाळांची वस्ती असते, तिथे आठवड्यातून एकदा तिची फेरी. रस्ता म्हणायचं म्हणून रस्ता. निम्मा दगडांचा आणि निम्मा ओढ्यातला. त्यासाठी तिच्याकडे एक जुनी, चौकोनी, चारही चाकांना जोर असलेली जीप होती. जीपचं पोट दगडांवर सारखं आपटायचं, म्हणून तिने यंदा चारही चाकं मोठी घातली. गाडी अशी उंच झाली की सासूबाई म्हणाल्या, "आता शिडीपण घे."

चार चाकं मोठी झाली, पण गाडीला चाकं पाच असतात. पाचवं म्हणजे स्टेपनी. जुनी लहान स्टेपनी आता असून अडचण नसून खोळंबा. एका कोपऱ्यात लहान चाक लावलं तर गाडी लंगडणार, आणि त्या रस्त्यावर लंगडत चाललं तर आतले गिअर ओरडणार. म्हणून पाचवंही मोठं आणलं. गॅरेजवाल्याने ते जुन्या जागी, मागच्या दारावरच चढवून दिलं. थोड्याच दिवसांत त्या दाराने मान टाकली. बिजागऱ्या खाली आल्या, भोवतीचा पत्रा चिरला, आणि दार लावायला कंबरेचा धक्का द्यावा लागायला लागला. औषधांच्या पेट्या काढायच्या त्याच दारातून. एकदा उतारावर तिने दार उघडलं तर ते चाकाच्या वजनाने असं भिरकावलं गेलं की ती थोडक्यात वाचली.

हे तिने जेवताना सांगितलं. मिस्त्री वरण ढवळत ऐकत होते. ढवळता ढवळता हात थांबला.

"चूक दाराची नाही," ते म्हणाले. "दार दारासारखं वागलं. एवढं वजन त्याच्या गळ्यात बांधायचंच कशाला? बंपरवर घ्यायचं. बंपर चासीच्या सांगाड्याला धरून असतो. एका कोपऱ्यात खांब उभा करायचा, खांबावर फिरता दांडा, दांड्याला चाक. दार उघडायचं असेल तेव्हा दांडा बाजूला फिरवायचा, गेटसारखा."

"तेच म्हणतेय मी," सून म्हणाली. "कधी करता?"

"कोण, मी?"

"नाही तर कोण?"

"अगं, ते आजारी आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"होते, आई. आता नाहीत."

"बाजारात तयार मिळतं की असलं," मिस्त्री म्हणाले. पण म्हणण्यात काही दम नव्हता.

"मिळतं ना. पण ते कोणी लोंबकळून बघितलेलं असतं का?"

झालं. या एका वाक्याने दुकानाचं शटर वर गेलं.

शेजारच्या भंगारवाल्याकडे एक मोडकी ट्रॉली पडली होती. तिच्या चाकाचा मधला फिरता गाभा, म्हणजे हब, मिस्त्रींनी सोडवून घेतला, बेअरिंग धुतली, ग्रीस भरलं. हाच दांड्याचा सांधा. जो हब माल भरलेल्या ट्रॉलीखाली उभा जन्म फिरला, तो आडवा पडून एक चाक झुलवायला का कू करणार नाही, असा त्यांचा हिशोब. मग जाड पाइप कापला, गुण्या लावून काटकोनात वेल्डिंगचे टाके मारले, सांध्याखाली त्रिकोणी पट्ट्या दिल्या, चाकासाठी बोल्टची तबकडी केली आणि दुसऱ्या टोकाला दांडा बंपरला पकडणारा खटका. धक्क्याने खटका सुटू नये म्हणून वर एक पिन. सून फेरीवरून आली की दुकानात डोकवायची. बायको दिवसातून चार वेळा काही ना काही निमित्त काढून यायची आणि ‘दमलात का’ एवढं विचारून जायची. मिस्त्री दमत होते. पण बोलत नव्हते. मनाशी मात्र त्यांनी एक ठरवून टाकलं होतं आणि ते कोणालाही सांगितलं नव्हतं: हे काम टिकलं तर दुकान चालू. नाही टिकलं तर मशीन विकायचं आणि खरंच आराम करायचा.

शेवटचं वेल्डिंग होतं खांबाच्या बुडाशी. सगळा भार तिथेच येणार. निम्मी रेघ झाली आणि छातीतून खोकल्याची उबळ आली. हात हलला, ठिणगी तुटली. मिस्त्री तोंडासमोरची काच वर करून भिंतीला टेकले. उबळ ओसरल्यावर त्यांनी खपली काढली, तेवढा भाग घासून टाकला आणि पुन्हा भरला. रेघ छान उठली. वरून पाहिलं तर कोणाला कळलं नसतं की इथे माणूस खोकला होता. मग सगळ्याला काळा रंग मारला.

रंग सुकल्यावर चाक चढवण्याआधी परीक्षा. सून समोर उभी. मिस्त्रींनी हातमोजे खिशात कोंबले, दांडा धरला आणि पाय उचलले.

गाडी हललीसुद्धा नाही.

"बघितलंस?" ते लोंबकळता लोंबकळता म्हणाले. "कुरकूर तरी आली का? याला म्हणतात काम."

सून हसली, टाळ्या वाजवल्या. चहा सांगितला गेला. मग भंगारवाल्याला हाक मारून दोघांनी चाक उचललं, तबकडीवर बसवलं, नट आवळले. दुसऱ्या दिवशी पहाटेच डॉक्टर डोंगराच्या फेरीला निघून गेल्या. पाठीवर ती एवढी मोठी स्टेपनी घेऊन जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मिस्त्री दारात उभे होते. छाती फुगली होती, आणि बऱ्याच दिवसांनी खोकल्यासाठी नव्हे.

उन्हं वर आली तशी बायको धुवायचे कपडे गोळा करायला लागली. मिस्त्रींच्या पॅंटमधून पट्टा काढताना तिने तो हातात धरून पाहिला. नवी भोकं पाहिली, मागे खोचायचं टोक पाहिलं.

"काय हो, काल लोंबकळलात म्हणे."

"मग? नियम तो नियम."

"ते ठीक. पण पूर्वी तुम्ही लोंबकळलात की पोलादाचा घाम निघायचा. आता तुम्हाला तर दोरीवर वाळत घातलं तरी दोरी वाकायची नाही." आणि ती हसत हसत कपडे घेऊन गेली.

उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्या मनात काही नव्हतं. पण मिस्त्रींच्या हातातलं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

गाडी हललीसुद्धा नाही. का हलली नाही? काम पक्कं म्हणून नव्हे. वजनच नव्हतं म्हणून. पूर्वी ते नुसते बंपरवर बसले तरी त्या जीपचं बूड करकरत खाली जायचं. काल ते अख्खे लोंबकळले आणि तिने दखलही घेतली नाही. आणि त्यांना ती आपल्या वेल्डिंगची शाबासकी वाटली!

ते चप्पल अडकवून थेट भंगारवाल्याकडे गेले. त्याच्याकडे लोखंड तोलायचा जमिनीवरचा मोठा काटा होता. मिस्त्री त्यावर उभे राहिले. काटा थोडा हलला आणि लवकरच थांबला. मग त्यांनी भंगारातलं एक तसलंच मोठं चाक, रिमसकट, त्याला काट्यावर ठेवायला लावलं. काटा जवळजवळ तिथेच जाऊन थांबला.

भंगारवाल्याने एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. "मिस्त्री, तुमच्यात आणि या चाकात फरक एवढाच, की चाकात हवा राहिलीय."

एरवी मिस्त्रींनी त्याला सव्वाशेर जबाब दिला असता. आज ते चाकाकडेच बघत राहिले. उभ्या गाडीवर चाकाएवढं वजन टांगून पाहिलं, याचा अर्थ त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. डोंगरात गाडी उभी नसते. ती दगडावरून आपटते, आणि प्रत्येक आपटण्याला ते चाक तिप्पट-चौपट जड होऊन खांबाचं बूड उपटायला बघतं. ते बूड, जिथे ते खोकले होते.

घरी येऊन त्यांनी फोन लावला. लागला नाही. डोंगरात फोन लागत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी लावला. मग बसले. मग उठले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही. त्यांना दांडा निखळलेला दिसायला लागला. चाक उतारावर गडगडत चाललेलं दिसलं, आणि खाली कोणाचं तरी लेकरू खेळत असलेलं दिसलं. तेवढ्यावर भागेना म्हणून अर्धवट तुटलेला दांडा वळणावर बाहेर फेकला गेला, कड्याला अडकला, आणि गाडी... तिथे ते पुन्हा उठायचे.

"काय येरझाऱ्या लावल्यात?" बायकोने विचारलं.

त्यांनी सांगितलं. खोकल्यासकट सगळं सांगितलं. बायको ऐकता ऐकता खाली बसली. तिचा चेहरा उतरला, पण ती पडली त्यांची बायको. "तुम्ही पुन्हा घासून भरलंत ना?"

"भरलं."

"नीट?"

"मला वाटलं नीट. मला तर गाडी हलली नाही तेही नीटच वाटलं होतं."

ती आत गेली आणि थोड्या वेळाने डाळिंब सोलून घेऊन आली. दोघांनी दाणे खाल्ले नाहीत, वाटी मध्ये ठेवून बसले. "मीपण कशाला बोलले मेली," असं ती मध्येच म्हणाली, आणि मिस्त्री म्हणाले, "तू बोललीस म्हणून कळलं तरी." असा त्यांचा दिवस गेला. दुपारी भंगारवाला दोनदा डोकावून गेला. सकाळची थट्टा त्यालाही आता टोचत होती.

ऊन पिवळं झालं तसे मिस्त्री दुकानासमोर येऊन उभे राहिले. मागे बायको. सून एरवी या वेळेला येते. आज ती वेळ टळली. मग आणखी थोडी टळली. आणि मग वळणावर ती उंच, चौकोनी जीप दिसली. चिखलाने माखलेली, पण चारही चाकांवर. काचेमागे सुनेचं डोकं दिसलं. बायकोने "आली गं बाई" म्हणून मोठा श्वास सोडला.

मिस्त्रींचा जीव मात्र अजून भांड्यात पडला नव्हता. गाडी त्यांच्या समोरून गेली, अंगणात वळली आणि तिची पाठ त्यांच्याकडे झाली. दांडा होता. दांड्यावर चाक नव्हतं.

म्हणजे पडलं. कुठे पडलं? कोणावर? सून उडी मारून खाली उतरली. कोपरापर्यंत चिखल, केसांत गवत. ती काहीतरी बोलत होती, पण मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं.

"बाबा? अहो बाबा, बसा आधी. काय झालं?"

"चाक," ते कसेबसे म्हणाले.

"कुठलं?"

"स्टेपनी! स्टेपनी कुठाय?"

"ही काय." तिने मागच्या डाव्या चाकावर बुटाची ठोकर मारली. "हिच्यावरच तर आले. जुनं फाटलं, बाजूनेच चिरलं धारदार दगडाने. ते आत टाकलंय."

मिस्त्री खाली बसले ते अंगणातच, फरशीवर. जीव भांड्यात पडतो म्हणतात तो असा पडतो, आवाजसुद्धा होत नाही. बायको त्यांच्या शेजारी बसली आणि पदराने उगीचच त्यांचा कोरडं कपाळ पुसायला लागली. सून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिला सगळं सांगण्यात आलं, म्हणजे बायकोने सांगितलं. पट्टा, काटा, खोकला, सगळं. सून ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिच्या तोंडावर हसू पसरायला लागलं.

"हसतेस काय?" मिस्त्री म्हणाले. आता आवाज परत आला होता. "इथे आमचा दिवस कसा गेला आम्हाला माहीत."

"बाबा, ऐका तर खरं. चाक फाटलं तेव्हा मी एकटी होते. दांडा फिरवला, नट सोडले, स्टेपनी अंगावर घेत घेत खाली उतरवली. उतरवायला काय, ती आपणहून येते. चाक बदललं. फाटलेलं मात्र वर जाईना. एवढं जड धूड माझ्या डोक्याच्या उंचीवर कोण चढवणार? मग फळी लावून ते गाडीत ढकललं आणि निघाले."

"बरं, मग?"

"मग ओढा. पाणी वाढलं होतं. मधोमध गेले आणि मागची चाकं नुसती फिरायला लागली. मागे वजन कमी पडत होतं. तेवढ्यात पलीकडून मेंढपाळ आले, तिघं. माझे ओळखीचेच, त्यांच्याच मेंढ्यांना सुया टोचून आले होते सकाळी. म्हणाले, ताई, आम्ही मागे वजन देतो, तुम्ही गाडी काढा. आणि तिघंही बंपरवर चढले आणि लटकले तुमच्या दांड्याला."

मिस्त्रींनी मान वर केली.

"तिघं?"

"तिघं. त्यातला एक तर, आई, तुम्ही रागावू नका, पण तुमच्यासारखा."

"माझ्यासारखा म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे खात्यापित्या घरचा. गाडी पुढे जाईना तेव्हा ते तिघं मिळून वर-खाली, वर-खाली उड्या मारत होते, चाकांना जोर यावा म्हणून. चाक आत गेलेलं ना, म्हणून दांडा मोकळा होता, धरायला मिळाला. तो नसता तर अजून ओढ्यातच असते मी. त्या जाड्याने तर पाय सोडूनच दिले होते, नुसता लोंबकळत होता." ती थांबली. "मला तुमचीच आठवण झाली."

मिस्त्री उठले, दुकानातून बॅटरी आणि लहान हातोडी घेऊन आले आणि गाडीमागे ओणवे झाले. खांबाच्या बुडाशी चिखल होता. तो त्यांनी बोटाने निपटून काढला. वेल्डिंगला तडा गेला तर आधी वरचा रंग केसासारखा चिरतो. ते रंग बघत राहिले. डोकं खाली घालून दुसऱ्या बाजूनेही पाहिलं. मग हातोडीने ठोकलं. फुटक्या लोखंडाचा आवाज भदभद येतो. हा खणखणीत आला. पुन्हा ठोकलं. पुन्हा तसाच. गरज नसताना त्यांनी आणखी चार वेळा ठोकलं, कारण तो आवाज त्यांना ऐकावासा वाटत होता.

"काय म्हणतंय?" बायकोने विचारलं.

"ठीक म्हणतंय," मिस्त्री म्हणाले. आणि मग, एकदम मोठ्याने, "अगं, तिघं लोंबकळले! उड्या मारल्या!"

भंगारवाला भिंतीवरून डोकावला. त्यालाही पुन्हा पहिल्यापासून सांगण्यात आलं. या खेपेला ते मिस्त्रींनी सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यात मेंढपाळ मघाच्यापेक्षा बरेच जाडे झाले होते.

"पण बाबा, माझी एक तक्रार आहे," सून म्हणाली. "हे एवढ्या उंचावर का लावलंत? माझी उंची तरी विचारायची."

मिस्त्रींनी दांड्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. उंची त्यांनी स्वतःच्या छातीवरून घेतली होती. दांडा, हब, खटका, पिन, सगळ्याचा विचार केला. चाक चढवणार कोण, एवढं एकच विचारायचं राहून गेलं. जन्मभर गेटं केली, ती ज्याची त्याने उघडायची. चाक मात्र परत चढवावं लागतं.

"उद्या खाली घेतो," ते म्हणाले. "तबकडी हातभर खाली. आणि बाजूला एक लहान पायरी देतो, त्यावर चाक टेकवायचं, मग तिथून नुसतं लोटायचं. सकाळी उठल्या उठल्या दुकान उघडतो."

‘दुकान उघडतो’ म्हटल्यावर बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत ते असं कोणालाच म्हणाले नव्हते. मग कंबरेला पदर खोचला, हात पुसले आणि गाडीमागे गेली.

"काय करतेस?" मिस्त्रींनी विचारलं.

"नियम तो नियम. मेंढपाळांचं आपण कुठं बघितलं? आणि तुमचं काही खरं नाही आता, तुम्ही दोरीवर वाळत घालण्यातले."

"अगं, पडशील!"

"का? तुमचंच काम आहे ना?"

तिने दांडा दोन्ही हातांनी धरला. एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मग जे तिने जन्मभर माकडचाळे म्हणून हिणवलं ते केलं. पाय उचलले.

गाडीचं बूड करकर करत चांगलं खाली बसलं. चिखलाचे पोपडे गळाले. मागचं दार थरथरलं. दांडा तसूभर हलला नाही. बायको डोळे गच्च मिटून, चप्पल एका अंगठ्यावर तोलत लोंबकळत होती. मिस्त्री बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी काच न लावता वेल्डिंग केलं होतं तेव्हा असं वाहिलं होतं. आज दुकानात मशीनही चालू नव्हतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"पेललं का?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"पेललं," मिस्त्री म्हणाले.

"मग मला खाली उतरवा आणि चहा सांगा."